हौसेची दुसरी मालकीण

न्यू जर्सीत उघड्या टपाची गाडी घ्यायची तर जानेवारीत घ्यावी. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळवंडलेले ढीग, झाडांवर पान नाही, साडेचारलाच संध्याकाळ, आणि कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर ताडपत्री पांघरलेली एक कन्व्हर्टिबल मालकाच्या डोळ्यांत खुपत उभी. विमा चालू आहे, जागा अडली आहे, आणि पुढचे तीन महिने तिचा काडीचा उपयोग नाही. मे महिन्यात हाच माणूस शंभर डॉलरही सोडायला तयार नसतो. जानेवारीत तो पहिल्या रिंगला फोन उचलतो.

मला ही गाडी का हवीशी झाली ते सांगायचं तर आधी मिनीव्हॅनबद्दल बोलावं लागेल. इथल्या मराठी घरांचा एक अख्खा काळ मिनीव्हॅनमध्ये गेला. बाजूला सरकणारी दारं, सात सीटा, मागे तांदळाची पोती, पेटी-तबला, मंडळाच्या गणपतीचं मखर. पुण्याहून आईवडील आले की त्यांना गुडघे न दुखवता चढता-उतरता यायचं. मुलं पोहण्याच्या क्लासहून ओल्या टॉवेलांसकट आत कोसळायची. मग मुलं गेली. पेटी मंडळाच्या कपाटात गेली. आम्ही दोघं पुढे बसून दूध आणायला निघालो की मागच्या पाच रिकाम्या सीटांचे पट्टे वळणावर टकटक वाजायचे. तो आवाज मला आवडेनासा झाला.

‘‘मला दोन दारांची गाडी हवीय,’’ मी म्हटलं.

‘‘पैसे तेवढेच आणि दारं निम्मी?’’ नवरा म्हणाला. तो हिशेबी माणूस आहे आणि मला त्याचा हा गुण बहुतेक वेळा आवडतो.

आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, ‘‘मागचे उतरणार कुठून?’’ ‘‘मागे कुणी नाहीच गं,’’ मी म्हटलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘‘वरून ऊन लागेल. काळवंडशील.’’

आपल्याकडे दोन दारं म्हणजे एकतर गैरसोय, नाहीतर श्रीमंती चाळा. अमेरिकेत मात्र एके काळी दोन दारांची लांबरुंद गाडी ही अगदी चारचौघांची गाडी होती. १९७६ साली या देशात सगळ्यांत जास्त खपलेली गाडी होती ओल्ड्समोबिल कटलस, आणि त्यात दोन दारांच्या कटलस सुप्रीमचा वाटा मोठा होता. ती शर्यतीची गाडी नव्हे. हातभर जास्त लांब दार, मखमलीसारख्या कापडाच्या सीटा, खड्ड्यावरून गेली तरी आत नुसती हलकी झुलणारी. कारखान्यातला फोरमन, शाळेतला शिक्षक, विमा विकणारा माणूस यांनी स्वतःच्या आरामासाठी घेतलेली. पुढे दिवस फिरले. लहान मुलांना वेगळ्या सीटमध्ये बांधून बसवण्याचा कायदा १९७८ मध्ये टेनेसी राज्याने आणला आणि १९८५ पर्यंत तो पन्नासही राज्यांत झाला. झोपलेल्या पोराला दोन दारांच्या गाडीत मागे वाकून बांधून बघा, एका आठवड्यात कंबर चार दारांच्या बाजूने मत देते. मग उंच एसयूव्ही आल्या आणि सगळ्यांनाच उंचावरून खाली बघायची सवय लागली. ओल्ड्समोबिल हे नावच २००४ मध्ये बंद झालं.

उघड्या टपाच्या गाडीची कथा तर आणखी मजेची आहे. १९७६ मध्ये कॅडिलॅकने आपली एल्डोराडो कन्व्हर्टिबल ‘अमेरिकेतली शेवटची’ म्हणून विकली. गाड्यांत एसी आले होते, महामार्गावरचा वेग वाढला होता, गाडी उलटली तर काय याबद्दल सरकार कडक नियम करणार अशी धास्ती होती, म्हणून कंपन्या हा प्रकारच गुंडाळत होत्या. लोकांनी त्या एल्डोराडो सोन्यासारख्या घेऊन ठेवल्या. काहींनी चालवल्याच नाहीत, पुढे किंमत येईल म्हणून नुसत्या झाकून ठेवल्या. आणि १९८२ मध्ये क्रायस्लरने लेबॅरन कन्व्हर्टिबल आणली, तीही मध्यमवर्गाला परवडेल अशी. पाठोपाठ १९८४ ला खुद्द एल्डोराडो पुन्हा टप उघडून हजर! ‘शेवटची’ म्हणून घेतलेल्यांपैकी काहीजण चिडून कोर्टात गेले. मला त्या भांडणात कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. पण त्या १९७६ च्या गाडीतून ज्याने आठ उन्हाळे आपल्या बायकोला समुद्रावर नेलं त्याचं काय बुडालं, हे मला अजून कळलेलं नाही.

यातून एक गोष्ट नवऱ्याच्या डोक्यात शिरली, आणि ती शिरल्यावर तो माझ्यापेक्षा उत्साहाने शोधाला लागला. गाडीची किंमत एका उताराने खाली येते आणि तिचा आराम दुसऱ्याच. नवी गाडी दुकानाबाहेर पडली की पैसे धाडकन उतरतात. पण सीट तेवढ्या वेगाने कडक होत नाही, इंजिनाची घरघर तेवढ्या वेगाने वाढत नाही. आणि ज्या गाडीला गिऱ्हाईक कमी, तिची किंमत आरामाला फारच मागे टाकून खाली जाते. मध्यम आकाराची, चार माणसांची, टप उघडणारी, रोज चालवायला त्रास न देणारी गाडी आता नवी म्हणून जवळपास मिळतच नाही. टोयोटाची सोलारा कन्व्हर्टिबल २००९ नंतर आली नाही. क्रायस्लरची सेब्रिंग, मग ‘२००’ नावाची तिची धाकटी, तीही टप उघडणारी २०१४ नंतर नाही. होंडाची दोन दारांची अकॉर्ड २०१७ ला थांबली. बनवणाऱ्यांनी हात झटकले, घेणारे एसयूव्हीकडे गेले आणि मधल्या मोकळ्या जागेत आमच्यासारखे लोक उभे राहिले. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं की! फक्त ते पहिल्या मालकाने आधीच भरलेलं असतं.

शोधताना मात्र फार सांभाळावं लागतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तो आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता, आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा. म्हणणं साधं आहे: विकणाऱ्याला गाडीचं सगळं ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खराब धरून भाव पाडतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात यायलाच कंटाळतो. हे आमच्या तुळशीबागेत भाव करणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं, पण तिला निबंध लिहायला वेळ नव्हता.

आमच्या भागात तर या अज्ञानाला पाण्याचा वास येतो. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं आणि किती गाड्या खाऱ्या पाण्यात उभ्या राहिल्या याची गणती नाही. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने नदीकाठची गावं बुडवली. अशा गाड्यांच्या कागदावर पुराची नोंद व्हायला हवी. ती होतेच असं नाही, आणि झालेली कधी कधी दुसऱ्या राज्याचा फेरा करून धुतलीही जाते. म्हणून कागदावर न जाता सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी संपेपर्यंत. वरचा भाग स्वच्छ असतो, पण शेवटच्या वितीत चिखलाची रेघ लपलेली असते. डिकीतला जादा टायर उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवायचं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघायचं. एका सुंदर निळ्या गाडीत मी बेल्ट ओढला आणि ती रेघ दिसली. विकणारा तरुण मुलगा माझ्या हाताकडे बघत होता. तो म्हणाला, ‘‘कॉफी सांडली असेल.’’ पट्ट्याच्या आतल्या गुंडाळीपर्यंत कॉफी पोचवायची तर घागरीने सांडावी लागेल. आम्ही आभार मानून निघालो.

काचेवरच्या स्टिकरवरही जाऊ नये. न्यू जर्सीत गाडीची तपासणी होते खरी, पण २०१० पासून साध्या गाड्यांचा फक्त धूर तपासतात. ब्रेक, स्टिअरिंग, खालचा पत्रा कुणी बघत नाही. आणि थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या मुलखात खालचा पत्रा हीच खरी जन्मकुंडली.

आम्हाला मिळालेली गाडी एका निवृत्त संगीतशिक्षकाची. सोलारा, २००८ ची, केंटकीतल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यात जुळवलेली, फिकट सोनेरी. पंचावन्नच्या पुढच्यांसाठीच घरं असलेल्या वसाहतीत तो राहत होता. गॅरेजमध्ये गाडीशेजारी एक ट्रॉम्बोन भिंतीला टेकलेला. त्याने तेल बदलल्याच्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेवार लावल्या होत्या. मी त्या फाइलवरच निम्मी भाळले, हे मी त्याला दाखवलं नाही. गाडी साठएक हजार मैल चाललेली, म्हणजे तिच्या वयाला कमीच. कमी चाललेल्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. ती झिजत नाही, ती नुसती म्हातारी होते. टायरची नक्षी शाबूत, पण बाजूला कोरलेले चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातलं रबर, मग ते दिसायला कितीही गुटगुटीत असो. आमच्या मेकॅनिकने, म्हणजे एडिसनमधल्या एका मितभाषी पोलिश गृहस्थाने, गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च फिरवला आणि म्हणाला, ‘‘पत्रा छान. टायमिंग बेल्ट जुना.’’ त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा तो रबरी पट्टा नव्वद हजार मैलांना बदलायचा असतो, पण रबराला मैलांइतकीच वर्षंही लागतात. त्याचा खर्च आम्ही किमतीतून मागितला. संगीतशिक्षकाने घासाघीस केली नाही. तो फक्त म्हणाला, ‘‘मला आता तिच्यातून उठता येत नाही. गुडघे.’’

टप मी स्वतः तपासला. उघडून, मिटून, पुन्हा उघडून. मधेच अडखळतो का, मोटर कण्हते का, दुमडताना कापड कुठे पत्र्याला घासतं का. मागची काच कापडाला जिथे चिकटवलेली असते तो काठ नखाने हळूच चाचपला, कारण तिथे डिंक सुटायला लागला की पुढे अख्खं कापड बदलावं लागतं आणि ते बिल गाडीच्या किमतीकडे तुच्छतेने बघतं. मग टप बंद करून आत बसले आणि नुसता श्वास घेतला. कुबट वास आला असता तर फाइल-बिइल सगळं विसरून उठायचं ठरवलं होतं. वास आला तो जुन्या कातड्याचा आणि कुठल्याशा पेपरमिंटचा. नवी असताना तीस हजार डॉलरच्या घरातली ती गाडी. आम्ही दिलेली रक्कम त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नव्हती. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, मागे त्याने सही केली, मैलांचा आकडा लिहिला, आणि झालं.

आता सांगण्यासारखं खरं सगळं त्यानंतरचं आहे.

पुण्यात कॉलेजात असताना माझ्याकडे लूना होती. लॉ कॉलेज रोडवरून जाताना झाडांची सावली अंगावरून पट्ट्यापट्ट्यांनी सरकायची, भजीच्या गाडीचा वास कोपऱ्यावर भेटून पुढच्या कोपऱ्यावर सोडून जायचा. अमेरिकेत आले आणि काचा वर गेल्या. पंचवीस-तीस वर्षं मी या देशाचा उन्हाळा काचेतून बघितला. सोलारा म्हणजे हीटर लावलेली लूना, याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. ऑक्टोबरात टप उघडायचा, पायांवर गरम हवा सोडायची, डोक्याला रुमाल बांधायचा. पाय फलटणच्या उन्हाळ्यात आणि नाक महाबळेश्वरच्या थंडीत.

माझ्या आईला हे पटत नाही त्यालाही कारण आहे. तिच्या लहानपणी उघड्यावरून प्रवास हा नाइलाज होता. वऱ्हाड ट्रकच्या हौद्यातून जायचं, सतरंजीवर बसून, केसांत धूळ, नवरीचं तोंड पदराने झाकलेलं. काच वर करून बसणारे ते पैसेवाले. त्यांच्यात जाऊन बसायला आपल्या दोन पिढ्या झिजल्या आणि मुलीने पैसे मोजून पुन्हा काच खाली केली! मी तिला समजावत नाही. व्हिडिओ कॉलवर मागचं आकाश दाखवते आणि विषय बदलते.

महामार्गावर या गाडीत राम नाही. सत्तर मैलांच्या वेगाला टर्नपाइकवर टप उघडा ठेवला तर शेजारी काय बोलतो ते कळत नाही, आणि बाजूने ट्रक गेला की त्याचं चाक आपल्या कानाच्या उंचीवर फिरत असतं. हिचा रस्ता म्हणजे डेलावेअर नदीच्या काठाने जाणारा २९ नंबर. लँबर्टव्हिलपासून स्टॉकटन, तिथून फ्रेंचटाउन. डाव्या हाताला झाडांतून नदी आणि तिच्या कडेने जुना कालवा, वेग चाळीस-पंचेचाळीस. या वेगाला वारा बोलू देतो. जूनमध्ये वेलींवरच्या हनीसकलचा गोड वास येतो, तो जाईजुईच्या जवळचा पण जरा बावळट. मग ताजं कापलेलं गवत, मग कुणाच्या अंगणातला कोळशाचा धूर, मग शेणखत. एखाद्या वळणावर स्कंकचा भयंकर भपकारा, ज्यासाठी कुठलंच बटण उपयोगी नाही. तापमानही सपाट नसतं. कालव्याच्या बाजूला एकदम दोन अंश गार, शेताजवळ पुन्हा ऊब. बंद गाडीत पंचवीस-तीस वर्षं मी एकाच ऋतूत राहत होते, तो ऋतू एसीचा.

स्टॉकटनहून जरा आत वळलं की ग्रीन सार्जंट्सचा पूल लागतो. न्यू जर्सीत उरलेला हा एकमेव जुना, छप्पर असलेला लाकडी पूल, १८७२ चा. एका दिशेच्या गाड्या त्यातून जातात, दुसऱ्या दिशेच्या शेजारच्या साध्या पुलावरून. नवऱ्याला तिथे टप उघडा ठेवून जायला फार आवडतं. आतल्या लाकडाचा गार, किंचित डांबरट वास, आणि डोक्यावर तुळया. या पुलांवरचं छप्पर माणसांसाठी नसतं. ओढ्यावरचं लाकूड पावसाने कुजू नये म्हणून असतं, म्हणजे छप्पर पुलाला जगवतं. गाडीतही छताचं काम पाऊस अडवण्यापुरतं नसतं. बंद गाडीचं छत हा तिच्या हाडांचा भाग असतो, ते कापलं की गाडी मधून पिळवटायला बघते. मग बनवणारे खालच्या तळाला आणि दारांखालच्या कडांना जास्तीचं लोखंड घालतात, म्हणून टप नसलेली गाडी दिसते हलकी आणि भरते जड. तरीही खराब रस्त्यावर ती थरथरते. आरसा हलतो, डॅशबोर्ड आणि दाराचं जमत नाही असं क्षणभर वाटतं. जुन्या कन्व्हर्टिबलमध्ये हे चालायचंच. घ्यायच्या आधी मुद्दाम एखाद्या खडबडीत रस्त्याने नेऊन बघावं, थरथर तुम्हाला चालण्यासारखी आहे का ते तुमच्या दातांना विचारावं. माझ्या दातांची हरकत नव्हती.

हरकती आहेत त्या दारांच्या. ती इतकी लांब आहेत की ओक ट्री रोडवर वाणसामानाच्या दुकानासमोर दोन गाड्यांमध्ये उभी केली तर बाहेर पडायला पोट आत घ्यावं लागतं. सीट जमिनीजवळ, त्यामुळे उतरणं म्हणजे उठाबशी, आणि एक दिवस मीही त्या शिक्षकासारखंच गुडघ्यांचं नाव घेईन हे मला दिसतंय. मुलगा आला की मागे बसतो, सहा फुटांचा देह गुडघे हनुवटीला लावून, आणि विचारतो, ‘‘ही गाडी तुम्ही मला टाळायला घेतलीत का?’’ मी म्हणते, ‘‘तू भाड्याची घेऊन येत जा.’’

आणि डिकी. टप दुमडून बसायची जागा डिकीतूनच घेतलेली असते, त्यामुळे उघड्या टपाच्या गाडीची डिकी म्हणजे दोन डबे आणि एक छत्री. गेल्या मे महिन्यात पुण्याहून मावशी आली. मिनीव्हॅन आम्ही तोवर विकली होती आणि नवऱ्याची चार दारांची गाडी गॅरेजला. नेवार्क विमानतळावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यातल्या एकीत मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला, हे बॅग न उघडताही नाकाला कळत होतं. डिकीत एकही जाईना. मग टप उघडला आणि नवऱ्याने एकेक बॅग उचलून वरून सरळ मागच्या सीटवर उतरवली. कुठल्याही बंद गाडीत हे जमत नाही, तिरकं घालावं लागतं. दोन्ही बॅगांना सीटबेल्ट लावले. नवरा तिसरा कुठे मावणार, तो ट्रेनने आला.

मावशी पुढे. पंच्याहत्तरी उलटलेली, स्वेटर, त्यावर शाल, शालीचं टोक डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ. रूट वनच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं आमच्या मागच्या दोन ताठ प्रवाशांकडे बघून हसत होती. मावशीने त्यांना हात केला. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘केवढ्याला पडली गं?’’

मी डॉलर सांगितले. तिने ओठ हलवत रुपये केले, पुन्हा एकदा केले, आणि वर मोकळ्या आकाशाकडे बघत म्हणाली, ‘‘एवढ्यात आमच्या सोसायटीत नुसतं कव्हर्ड पार्किंग येतं.’’